जास्तीचा पाटा

गाडीची शेपटी सुटली तेव्हा समोर गोदामाचं निळं शटर होतं आणि मृणालीच्या हाताशी धरायला काहीच नव्हतं. वळणावर भाविकने ब्रेकला नुसता पाय लावला होता. पुढची चाकं सांगितल्यासारखी वळली, आणि मागचा भाग मात्र कुणी लाथ घातल्यासारखा बाजूला निघाला. शटर खिडकीतून सरकलं, मग उभा ट्रेलर सरकला, मग पुन्हा शटर आलं. गाडी उलट्या तोंडाने थांबली तेव्हा ट्रेलरचा लोखंडी कोपरा मागच्या दिव्यापासून जेमतेम वीतभर होता.

धूळ हळूहळू खाली बसली, काचेवर आणि आत बसलेल्या बहीणभावांवर.

"टायर थंड होते," भाविक म्हणाला.

"मे महिना आहे. डांबर पाघळतंय आणि टायर थंड?"

"मग माझं चुकलं. झालं?" त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. तळवे दोनदा पँटला पुसले. आपण ते पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून मृणाली दार उघडून उतरली आणि उगाच मागच्या चाकाकडे बघत उभी राहिली.

कशेळीतली ही गल्ली त्यांच्याच जागेतली. भाडेकरू गेल्यापासून दोन्ही बाजूंची गोदामं रिकामी होती, म्हणून सराव इथे. खरी धाव रविवारी, खारबावच्या बाजूला, खाडीच्या बांधालगतच्या मैदानात. एका वेळी एकच गाडी सोडायची, खुणेच्या डब्यांमधून वाट काढत मातीतून पळवायची आणि वेळ मोजायची, अशी शर्यत. तिथे शटर नव्हतं, ट्रेलर नव्हता. पण शेवटच्या वळणाला उघाडी होती, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची दगडी मोरी, आणि तिच्यापलीकडे भरतीचं पाणी.

गाडी भाविकनेच चालवायची होती. ते ठरवलं होतं कावळ्याने.

बाबा, म्हणजे दौलत, ऐन माघात गेला. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला तर कावळा जवळ येईना. समोरच्या चिंचेवर बसून नुसता मान वाकडी करून बघत होता. भाऊबंदांनी एकेक करून सगळं बोलून पाहिलं. कमळवहिनीला अंतर देणार नाही. मृणालीचं तिच्या मनाप्रमाणे होईल. खाडीकडची जमीन विकणार नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी राघोकाका, बाबाचा धाकटा भाऊ, गुडघाभर पाण्यात उतरला आणि हात जोडून ओरडला, "दादा, तुजी गाडी अशीच उभी न्हाय ठेवणार. भाविक पळवील. शर्यतीत पळवील!"

आणि कावळा शिवला.

बायका खाडीवर गेल्या नव्हत्या. त्यांच्यात नेत नाहीत. पुरुषमाणसं दुपारी परत आली तेव्हा मृणालीला हे ओटीवर कळलं. तिने आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाशी धरला होता आणि ती रडतेय की हसतेय हे सांगता येत नव्हतं. "गाडी," ती एवढंच म्हणाली. "मरताना पन गाडीच."

*

ती गाडी घरात कशी आली याचीही गंमत होती.

बाबा तरुणपणी बैलगाड्यांच्या शर्यतीतला नावाजलेला गडी. पंचक्रोशीत त्याची जोडी ओळखली जायची. शर्यती बंद झाल्या तेव्हा त्याने बैल विकले आणि नंतर बंदी उठली तरी पुन्हा घेतले नाहीत. "आता माजा हात हलका राहिला न्हाय," एवढंच म्हणाला. टेम्पो होते, गोदामांचं भाडं होतं, पण संध्याकाळी तो ओटीवर बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या चालींवर शेरे मारत राही. मृणाली कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. हाताला येईल ते वाचायची तिची सवय. एकदा तिने त्याला सांगितलं की हल्लीच्या बहुतेक गाड्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणजे गाडी पुढून ओढली जाते. जुन्या गाड्यांना आणि शर्यतीच्या गाड्यांना मागच्या चाकांना, म्हणजे मागून रेटा.

बाबाने रस्त्यावरची एक गाडी नजरेआड होईपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "जन्मभर ओढणारा हाकला. आता ढकलणारा बघू कसा असतो ते."

मग दोघं मिळून गाड्या बघत हिंडले. पहिली ठाण्यातली, चंदेरी, परदेशी, बसल्यावर राजा झाल्यासारखं वाटावं अशी. मृणालीने बोनेटवर तळहात ठेवला तर ते गरम. गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवणारा माणूस थंड इंजिनाचा आवाज लपवतोय, हे ती वाचून आली होती. "उद्या सकाळी येतो, आम्ही आल्यावर चालू करा," ती म्हणाली, तर मालकाला उद्या गावाला जायचं होतं. दुसरी पडघ्याची, लांबलचक नाकाची, भाविक जिच्यावर जीव टाकून बसला होता ती. जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच गंजलेल्या पत्र्यातून वर आला.

तिसरी अकलोलीला मिळाली. प्रभाकर गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक होते, त्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी. गुरुजींनी ती उन्हात कमी आणि लाडात जास्त वाढवली होती. मृणाली खाली सरपटून टॉर्चने पत्रा न् पत्रा बघून आली. गंज नाही. हलकी गाडी, साधं इंजिन, भिवंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारे सुटे भाग, आणि रेटा मागच्या चाकांना. बाबाने तिला गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागून चालत गेला, बैल घेताना जातात तसा, नजर मागच्या पायांवर ठेवून.

"पाय सरळ टाकते," तो म्हणाला. "हिलाच घेऊ."

गाडी दारात आली तेव्हा भाविक कपाळाला हात लावून उभा. "स्पोर्ट्स कार आणायला गेला होता ना तुम्ही? ही टॅक्सी आहे, बाबा! वर मीटर बसव, मी भाडं मारतो."

"तू थांब," बाबा म्हणाला. "तुजी ताय हिला शर्यतीची करते का न्हाय बघ."

राघोकाकाने पूजेला पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा हसला. "रेटणारी चाकं मागं हायत रे, राघो." काका म्हणाला, "लिंबू पुढंच ठेवतात," आणि विषय मिटला.

दीड-दोन वर्षं बापलेकींनी तिच्यावर खपून काम केलं. इंजिनाचं हेड घासून घेतलं, दुसरा कार्बोरेटर जोडला, स्टिअरिंगखालचा गिअर जमिनीवर आणला, पुढे डिस्क ब्रेक घातले. मागची सीट, गालिचा, जे काही जड होतं ते काढून टाकलं. शेवटी गाडी खाली बसवली. पुढच्या स्प्रिंगा आखूड केल्या, मागच्या पाट्यांचा, म्हणजे चाकांवरचा भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या थरांचा, बाक उतरवला. टायर आणि मडगार्डच्या मध्ये बाबा बोटं घालून बघायचा. दोन बोटं जायला हवीत, तिसरं अडायला हवं, हे त्याचं माप. त्यानंतर ती चालवताना मृणालीला कळलं की मागून रेटा म्हणजे काय. वळणातून निघताना पाठीला कुणीतरी हात लावून पुढे सोडतंय असं वाटायचं. शेजारी बसून बाबा डोळे मिटून घ्यायचा.

मग त्याचं आजारपण आलं, ठाण्याचं हॉस्पिटल आलं, आणि गाडी राघोकाकाच्या टेम्पोंच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली.

*

शुक्रवारी संध्याकाळी, ट्रेलर वीतभर राहिल्यानंतर, ती भाविकला ओटीवर म्हणाली, "रविवारी नको उतरू. गाडीत काहीतरी बिघडलंय. बाबा असताना ती अशी नव्हती."

"काय बिघडलंय?"

"ते अजून कळलं नाही."

"म्हणजे गाडी ठीक, ड्रायव्हर बेकार. असंच ना?" त्याने मोबाईल उपडा ठेवला. "ताय, तुला चालवायची आहे ना ती? सरळ बोल की."

"हो. चालवायची आहे," मृणाली म्हणाली. "पण ते वेगळं. मी आज जे बघितलं ते वेगळं."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. थोडा वेळ तो अंगठ्याचं नख कुरतडत बसला. मग खाली बघत म्हणाला, "मला भीती वाटते त्या गाडीची. तुला सांगतो फक्त. टेम्पो घेऊन वापीपर्यंत रात्रंदिवस जातो, काही वाटत नाही. हिच्यात बसलो की आधी उतरायचं दार चाचपतो. पण कावळा शिवलाय ना. मी नाही म्हणू? बाबाला?"

आतून आई बोलली. इतका वेळ ती ऐकत होती हे दोघांनाही माहीत नव्हतं. "शब्द राघोभावजींनी दिला. पोरगा माजा. मना कुनी इचारला व्हता का खाडीवर?"

मृणालीला त्या रात्रीपासून एकच गोष्ट दिसत राहिली: उघाडीच्या वळणावर मागचा भाग सुटतोय आणि आत बसलेला पोरगा स्टिअरिंग सोडून डोळे झाकतोय.

शनिवारी दुपारी ती काकाच्या शेडमध्ये गेली. टायरातली हवा तपासली. ब्रेकची नळी तपासली. सगळं जागच्या जागी. गाडीच्या बाजूला उकिडवी बसून तिने, दुसरं काही सुचेना म्हणून, मागच्या टायरवर बोटं घातली. दोन गेली. तीन गेली. मग तिने मूठ वळून घातली. मूठसुद्धा गेली.

ती तिथेच खाली आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. पाट्यांच्या जुन्या, तपकिरी थरात एक काळाकुळकुळीत पाटा होता, बाकीच्यांपेक्षा जाड. त्यावरचे बोल्टही नवे. टेम्पोचा पाटा कापून, भोकं जुळवून, नीट बसवलेला. काम सुबक होतं. हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"काय शोधतंस, बाय?" राघोकाकाच्या चपला तिच्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"काका, हा पाटा कुणी टाकला?"

"मीच." आवाजात अभिमान होता. "दादा हॉस्पिटलात व्हता तवा. गाडी मागून बसली व्हती ना पार. म्हटला, उभी राहून राहून पाटे मेले. दोन्ही बाजूंना एकेक वाढवला. बघ आता कशी ताठ हाय, नवरीवानी."

मृणालीने डोळे मिटले. भिवंडीत दुसरं काय होणार होतं? इथे गाडी म्हणजे माल. कापडाचे तागे, सुताच्या गोण्या, गोदामातली खोकी. मागून बसलेली गाडी दिसली की इथला माणूस पाटा वाढवतो, जसा लंगडणाऱ्या बैलाचा खूर उचलून बघतो. ती मुद्दाम खाली बसवली असेल हे कुणाच्या मनातही येणार नाही. आणि या गाडीत माल नव्हता. मागे सीटसुद्धा नव्हती. एवढ्या ताठ पाट्यांवर मागची रिकामी चाकं रस्त्याला चिकटणार कुठून? जरा ब्रेक लागला, जरा वळली, की ती टणकन उडणार.

ती बाहेर आली. केसांतली माती झटकत म्हणाली, "काका, हे काढावे लागतील. आजच."

"का?"

"बाबाने आणि मी ती मुद्दाम खाली घेतली होती."

काकाचा चेहरा हळूहळू बदलला. "मी दादाला सांगितला व्हता," तो म्हणाला. "हॉस्पिटलात, त्याच्या खाटंशी बसून. म्हटला, दादा, तुज्या गाडीला पाटे घातले. तर माजा हात धरलान आन् बोलला, 'बरा केलास.' त्याच्यानंतर माज्याशी काय बोलला न्हाय तो. शेवटचा शब्द त्याचा माज्याशी. आन् तू बोलतंस काढ."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मृणालीकडे बोलण्यासारखं बरंच काही होतं. वजन कसं सरकतं, चाक कधी पकड सोडतं, हे ती आकृती काढून समजावू शकली असती. पण समोर उभ्या माणसाच्या हातात भावाचा हात होता, अजून. त्याच्यापुढे आकृती काढायची नव्हती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "काढायचे नाहीत तर नको. पण उद्या भाविक हिच्यात बसणार. त्याआधी तू एकदा बस माझ्या शेजारी."

*

ऊन कलल्यावर ती त्याच गल्लीत आली. काका शेजारच्या सीटवर अंग चोरून बसला होता. पट्टा बांधायला त्याने नाही म्हटलं. तिने स्वतः वाकून बांधला.

पहिली फेरी सावकाश मारली. काका म्हणाला, "मस्त चालते की." दुसऱ्या फेरीला तिने वेग वाढवला. आवाज गोदामांच्या भिंतींवर आपटून परत येऊ लागला. काकाने वरची दांडी धरली. वळण जवळ आलं. तिला माहीत होतं काय होणार आहे, आणि माहीत असूनही तिने स्टिअरिंग घट्ट आवळलं. ट्रेलर हलवलेला होता, पण शटर तिथेच होतं.

तिने वळवलं आणि वळवतानाच ब्रेकवर पाय ठेवला.

मागचं डावं चाक उडाल्याचं तिच्या कंबरेला कळलं. मग सगळी गाडीच फिरायला लागली. काका "ए बाय, ए बाय!" असं ओरडला. तिने ब्रेक सोडला, स्टिअरिंग उलट फिरवलं, थोडी घाई झाली, शेपटी तिकडून सुटून इकडे आली, निळं शटर पूर्ण काचभर झालं, आणि पुन्हा एकदा उलट फिरवल्यावर गाडी कशीबशी सरळ होऊन, धापा टाकत, शटरला समांतर थांबली.

काकाच्या कपाळावर घामाचे मोठे थेंब होते. त्याने पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, तो सुटेना. तिने सोडवला. तो उतरला, भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "सावकाश चालव. सरळ. माज्यापुढून."

ती सरळ चालवत गेली. आरशात तो दिसत होता. कंबरेत वाकून, हात मागे बांधून, मागच्या चाकांवर नजर लावून चालत येत होता. अगदी बाबासारखा. मृणालीने आरशातून नजर काढली, कारण तिला रस्ता दिसेनासा झाला होता.

तिने गाडी थांबवली. उतरून विचारलं, "काका, ही आपली शर्यतीची बैलगाडी असती, तर काय म्हटलं असतंस?"

त्याने मागच्या चाकाला पायाने हलकंच ढकलून पाहिलं.

"धुरजड," तो म्हणाला.

गाडीचा भार पुढे, जोखडाकडे जातो, बैलांची मान दबते आणि मागे चाकं नुसती घरंगळतात, त्याला धुरजड म्हणतात. अशी गाडी वळणावर उलटते, हे शर्यतीतल्या लहान पोरालाही माहीत असतं. बाबा हाकताना असा मागे रेलायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता पडतो. ते एवढ्यासाठीच.

"मी केली ती धुरजड," राघोकाका म्हणाला. "माज्या हातानं. मग दादा 'बरा केलास' का बोलला? त्याला कलला न्हाय? दादाला?"

मृणालीने त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न आज ना उद्या येणार हे तिला माहीत होतं.

"बाबा तेव्हा गाडीकडे कुठे बघत होता, काका?" ती म्हणाली. "तो तुझ्याकडे बघत होता."

काका भिंतीशी खाली बसला. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने तोंड पुसलं आणि पुसतच राहिला. ती त्याच्या शेजारी बसली. पलीकडे हमरस्त्यावर ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत होते. कुणीतरी कुणालातरी हिंदीत आईवरून शिव्या घालत होतं. थोड्या वेळाने काका उठला, गाडीजवळ गेला आणि तिच्या मागच्या मडगार्डवर थाप मारली, जनावराच्या पाठीवर मारतात तशी.

"उजाडताना ये," तो म्हणाला. "भाविकलाबी आन. जॅक धराया."

*

रविवारी सकाळी दोन्ही पाटे निघाले. काकाने ते स्वतः काढले, मिस्त्रीला हात लावू दिला नाही. शेवटी मृणालीने टायरवर बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं. काकानेही घालून बघितली. त्याची बोटं जाड, एकच गेलं. "दादाची बोटा बारीक व्हती," तो म्हणाला.

मैदानावर उन्हाने जमीन तडकली होती. खुणेचे डबे, दोऱ्या, पत्र्याचा एक मांडव आणि मोठमोठ्याने बोलणारा एक भोंगा. आजूबाजूच्या गावांतली माणसं बांधावर छत्र्या उघडून बसली होती. त्यांची गाडी दिसताच एक हशा उठला.

"ओ, ठाणे स्टेशन सोडणार का?"

"शेअरिंग हाय का पेशल?"

भाविक एरवी परत बोलला असता. आज तो नुसता हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होता. पुन्हा पुन्हा. त्यांच्या आधीची एक पांढरी गाडी उघाडीच्या वळणाला घसरली आणि बांधाच्या मातीत नाक खुपसून थांबली. माणूस धडधाकट बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. घरी थांब म्हटलं तर म्हणाली होती, "मागल्या खेपेला घरी थांबले व्हते. त्यात काय झाला ते बघितला."

मृणाली खिडकीशी वाकली. "ऐक. उघाडीच्या वळणाला ब्रेक सरळ असताना मार, वळताना नाही. शेपटी सुटली तर तिला जरा जाऊ दे. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलू नको. ती परत येते. आता येते."

"नक्की?"

"माझा शब्द."

त्याने तिच्याकडे बघितलं. "शब्द नको गं देऊ कुणी," तो म्हणाला आणि काच वर केली.

राघोकाकाने पुढच्या चाकांखाली लिंबं सरकवली. झेंडा पडला.

पहिली दोन वळणं त्याने इतकी हळू घेतली की बांधावरून शिट्ट्या आल्या. तिसऱ्याला शेपटी जराशी हलली. मृणालीने नकळत उजवा पाय जमिनीवर दाबला. लांब सरळ पट्टा आला आणि भाविकने पहिल्यांदाच गाडीला मोकळं सोडलं. दोन कार्बोरेटरांचा तो घोगरा आवाज मैदानभर पसरला. बाबाला तो आवाज फार आवडायचा. पट्ट्याच्या टोकाला उघाडी होती. भरती होती. मोरीच्या दगडांवर पाणी चढलेलं इथूनही दिसत होतं.

ब्रेकचा दिवा लागला. सरळ असताना.

गाडी वळली आणि मागचा भाग सुटला. मृणालीच्या शेजारी कुणीतरी श्वास ओढला, आई होती. धुळीचा लोट उठला आणि त्यात गाडीचं नाक पाण्याकडे, मग बांधाकडे वळलेलं दिसलं, मग काहीच दिसेना. फक्त आवाज ऐकू येत होता. तो आवाज थांबला तर सगळं संपलं, आणि तो थांबत नव्हता. पाय उचलला नव्हता त्याने. मागचा भाग हळू, जड दार लोटल्यासारखा, बाहेर गेला, बाहेरच काही काळ राहिला, आणि मग जमीन धरून परत आला. धुळीतून गाडी बाहेर पडली ती सरळ.

कुणीतरी टॅक्सी टॅक्सी म्हणून ओरडलं, पण आता त्यात टवाळी नव्हती.

वेळ काही खास नव्हती. भोंग्यावर सांगितली तेव्हा भाविकने ती ऐकलीही नाही. तो गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं, दोन पावलं चालला आणि दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो तिला काहीतरी सांगत होता आणि हसत होता. मग तो सरळ झाला आणि राघोकाकासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, मी पळवली ना? शर्यतीत?"

"पळवलीस."

"म्हणजे फिटला ना तुझा शब्द?"

काकाने खाडीकडे पाहिलं. तिकडे बांधावर कावळे होते, पण ते नेहमीच असतात, आणि काकाने त्यांच्याकडे बघितलं असंही वाटलं नाही.

"फिटला," तो म्हणाला.

"सही." भाविकने हेल्मेट मृणालीच्या पोटाशी धरलं. "घे. नाव दोघांचं दिलंय मी सकाळी. एका गाडीला दोन ड्रायव्हर चालतात. आणि ताय, परत मला बोलवू नको हिच्यात. मी टेम्पोवाला आहे."

हेल्मेट आतून त्याच्या घामाने ओलं होतं. ते तिने घातलं, सीटवर बसली. सीट एकाच जागी बोल्टने घट्ट बसवलेली होती, बाबाच्या मापाने, त्यामुळे पाय पोहोचायला तिला नेहमीच थोडं पुढे सरकून बसावं लागे. ती पुढे सरकली. आईने खिडकीतून हात आत घालून तिचा पट्टा ओढून पाहिला आणि मागे गेली.

राघोकाका लिंबं घेऊन आला. पुढच्या चाकाशी वाकला, थबकला. मग तसाच वाकलेला, एक हात गाडीवर ठेवून, मागे चालत गेला. आरशात त्याचं पांढरं डोकं आधी एका बाजूला खाली गेलेलं दिसलं, मग दुसऱ्या बाजूला.

त्याने मडगार्डवर थाप मारली. झेंडा पडला, मृणालीने क्लच सोडला, आणि लिंबं फुटल्याचा आवाज या वेळी पाठीमागून आला.